मिटता चाकू : रचना, प्रकार आणि उपयोग

ज्या लहान चाकूचे पाते मुठीतच मिटवून ठेवता येते, त्याला मिटता चाकू किंवा खिशातील चाकू म्हणतात. स्थिर पात्याच्या सुरीला वेगळे म्यान लागते. मिटत्या चाकूची मूठ हेच त्याचे म्यान असते. या सोयीमुळे धारदार हत्यार दिवसभर अंगावर निर्धोकपणे बाळगणे शक्य झाले, आणि शेतकरी, मेंढपाळ, माळी, सैनिक अशा अनेकांच्या खिशात ते कायमचे विसावले. मात्र सोयीबरोबर एक अडचणही आली. जे पाते मिटते, ते काम करताना बोटांवरही मिटू शकते. या अडचणीवर निरनिराळ्या देशांतील कारागिरांनी जी उत्तरे शोधली, त्यांतूनच आजचे प्रकार निर्माण झाले. म्हणून मिटत्या चाकूंचे वर्गीकरण सांध्याच्या रचनेवरून करणे सर्वांत योग्य ठरते.

या हत्याराचा उगम बराच प्राचीन आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा मिटता चाकू इ.स.पू. 600 ते 500 या काळातील मानला जातो. रोमन लोकांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक चांदीचे उपकरण आहे. त्यात लोखंडी पात्याबरोबर चमचा, काटा आणि अणकुचीदार टोकण्या एकाच मुठीला जोडलेल्या आहेत. बहुपयोगी चाकूची कल्पना अशा रीतीने किमान सतराशे वर्षांची जुनी ठरते.

घर्षणबद्ध चाकू. हा सर्वांत साधा प्रकार होय. यात पाते केवळ खिळीच्या घट्टपणामुळे आपल्या जागी राहते. जपानमधील मिकी या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडू लागलेला हिगोनोकामी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. दुमडलेल्या पत्र्याची त्याची मूठ अगदी साधी असते. पात्याच्या मागील टोकाला लहानशी दांडी असते आणि काम करताना ती अंगठ्याने दाबून धरल्यास पाते मिटत नाही. जपानी शाळकरी मुले अनेक वर्षे याच चाकूने पेन्सिलीला टोक काढीत असत.

कमानबद्ध चाकू. सतराव्या शतकाच्या मध्यास मुठीच्या पाठीशी पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि तिचा मोठा विकास इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. तेथील चाकू-कारागिरांच्या संघाला 1624 मध्ये संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली होती. या रचनेत पात्याचा बुंधा चौकोनी ठेवतात व कमान त्याच्या सपाट कडेवर दाब देत राहते. पाते फिरवताना बुंध्याचा कोपरा कमानीला उचलतो, आणि पुढची सपाट कड येताच कमान खटकन बसते. त्यामुळे पाते उघडे किंवा मिटलेले, दोन्ही स्थितींत ठामपणे राहते. तथापि हा पूर्ण अटकाव नव्हे. जोर उलट दिशेने पडला तर पाते मिटते. फ्रान्सच्या ओब्राक पठारावरील लागियोल गावचा प्रसिद्ध चाकूही याच वर्गात मोडतो. गुरांचे पोट फुगल्यास वायू मोकळा करण्यासाठी त्यात टोकदार सळई असे.

कमानबद्ध रचनेचा कळस स्वित्झर्लंडमध्ये झाला. कार्ल एल्सेनर यांनी 1884 मध्ये श्वित्स परगण्यातील इबाख येथे आपली कार्यशाळा उघडली. स्विस सैन्याच्या नव्या बंदुकीचे भाग सुटे करण्यासाठी पेचकस लागे, तर शिधा डब्यांत मिळे. म्हणून पाते, आरी, डबा-उघडणी व पेचकस असलेला सैनिकी चाकू ठरवण्यात आला. त्याचे पहिले नग जर्मनीतील झोलिंगेन येथून आले, कारण एवढे उत्पादन करण्याची सोय देशात नव्हती. एल्सेनर यांनी 1891 पासून हा पुरवठा स्वतः हाती घेतला. 1897 मध्ये नोंदवलेल्या त्यांच्या अधिकारी-चाकूत एकच कमान मुठीच्या दोन्ही बाजूंच्या अवजारांना आधार देते. त्यामुळे अवघ्या दोन कमानींवर सहा अवजारे बसली आणि चाकू सुटसुटीत राहिला. त्याच घराण्याची ‘व्हिक्टोरिनॉक्स’ कंपनी आजही इबाख येथेच आहे.

वलयबद्ध चाकू. फ्रान्सच्या साव्वा प्रांतातील जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये बीच लाकडाच्या मुठीचा अत्यंत साधा चाकू तयार केला. 1897 मध्ये त्यांनी त्याची 1 ते 12 क्रमांकांची मापे ठरवली. त्यांतील 8 क्रमांकाचे, साडेआठ सेंटिमीटर पात्याचे माप विशेष लोकप्रिय आहे. मुळात हा घर्षणबद्ध चाकू होता. मार्सेल ओपिनेल यांनी 1955 मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारे धातूचे वलय बसवले. वलय थोडे फिरवले की खाच झाकली जाते व पात्याला मागे येण्यास वाट उरत नाही.

खिटीबद्ध व पट्टीबद्ध चाकू. अमेरिकेत शिकारीसाठी अधिक भक्कम अटकावाची गरज होती. बक कंपनीने 1964 च्या सुमारास आणलेल्या 110 क्रमांकाच्या चाकूने पाठीवरील खिटीची रचना लोकप्रिय केली. पाते उघडताच खिटीचा आकडा बुंध्याच्या खाचेत शिरतो. पाठीवर दाब दिल्याशिवाय तो सुटत नाही. 1980 च्या दशकात मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतील अस्तरपट्टीचाच एक भाग पात्यामागे येऊन अडेल अशी आधुनिक मांडणी केली. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे कारागीर ख्रिस रीव्ह यांनी तर टायटेनियमच्या मुठीची एक बाजूच या कामी लावली. या दोन्ही रचनांत अटकाव एका हाताने सोडवता येतो.

चाकू बाळगावा कसा, या प्रश्नाकडे कारखानदारांचे लक्ष त्या मानाने उशिरा गेले. बकचा भारदस्त चाकू पट्ट्याला चामडी म्यानात अडकवावा लागे. खिशाच्या तळाशी पडलेला चाकू किल्ल्या व नाण्यांतून शोधावा लागे आणि तो उघडायला दोन्ही हात लागत. अमेरिकेतील स्पायडर्को ही कंपनी सुरुवातीला धार लावण्याची साधने बनवत असे. तिचे संस्थापक सॅल ग्लेसर यांनी 1981 मध्ये आपला पहिला मिटता चाकू आणला. त्याच्या मुठीवर खिशाच्या काठाला अडकणारी चाप होती, तर पात्यात अंगठ्याने उघडण्यासाठी गोल छिद्र होते. आज रोज जवळ ठेवायच्या बहुतेक चाकूंत या दोन्ही सुविधा कोणत्या ना कोणत्या रूपात आढळतात.

पात्यासाठी मुख्यतः दोन प्रकारचे पोलाद वापरतात. कार्बनी पोलादाला धार चटकन लागते, परंतु ते गंजते. क्रोमियमयुक्त गंजरोधक पोलाद दमट हवेत व फळांच्या रसात टिकते. व्हिक्टोरिनॉक्सने 1921 पासून त्याचा स्वीकार केला. एकाच चाकूतील सर्व भागांना सारखी कठीणता देत नाहीत, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. स्विस चाकूत पाते रॉकवेल मापाने सुमारे 56, तर कमान सुमारे 49 असते. पात्याने धार धरावी, कमानीने न मोडता वाकावे, असा त्यामागील विचार आहे.

भारतात मिटता चाकू म्हटले की रामपुरीचे नाव निघते, आणि चित्रपटांमुळे तो शस्त्र म्हणूनच परिचित झाला. त्याचे शांत, उपकारक रूप पाहायचे तर रोपवाटिकेत जावे. आंब्याचे कलम बांधताना खुंट व कलमकाडी यांवरील काप सरळ आणि गुळगुळीत असावे लागतात. ते एकमेकांना जितके नीट भिडतील तितकी जोड यशस्वी होण्याची शक्यता वाढते. म्हणून कलमी चाकूच्या पात्याला बहुधा एकाच बाजूने उतार देतात. डोळा भरण्याच्या चाकूला साल अलगद उचलणारी बोथट जीभही असते. कोकणातील कलमे बांधणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा चाकू म्हणजे कौशल्याचे मुख्य साधन आहे.

सांध्याच्या रचनेला कायद्यातही महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंत धार असलेला, अटकाव नसलेला मिटता चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो; अटकाव असल्यास सबळ कारण दाखवावे लागते. विमानप्रवासात चाकू हातातील सामानात न ठेवता तपासून दिलेल्या सामानातच ठेवावा. 2001 नंतर या नियमांच्या कडकपणामुळे स्विस चाकूंच्या विक्रीलाही मोठा फटका बसला होता.

निवड करताना ग्राहक सहसा पात्याची चकाकी व मुठीची सजावट पाहतो. त्याऐवजी पाते पूर्ण उघडून हलक्या हाताने दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. ते डोलत असेल, तर तो चाकू घेऊ नये. नंतर तो सावकाश मिटवून कमानीचा जोर शेवटपर्यंत सारखा लागतो का, हे तपासावे. वापरानंतर सांध्यातील कचरा काढून तेलाचा एखादा थेंब सोडणे एवढीच देखभाल पुरेशी असते. बोथट पाते सहाणेवर पुन्हा धारदार करता येते; झिजून सैल झालेला सांधा मात्र घरी दुरुस्त होत नाही. चाकू पिढ्यान्‌पिढ्या टिकावा अशी इच्छा असलेल्याने धारेपेक्षाही सांध्याची अधिक काळजी घ्यावी.