लायटरची ठिणगी, दरडीची चाहूल

गॅसचा लायटर दाबला की ‘कट्’ आवाज होऊन ठिणगी पडते. त्यात ना सेल, ना वायर. मग वीज येते कुठून? इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नाही!

पुण्यात शिकणारी माझी भाची पावसाळ्यात कशेडीला आली होती, तिने सांगितलं. “मावशी, आत एक खडा असतो. त्याला दणका बसला की वीज तयार होते.” १८८० साली क्युरी बंधूंनी हा गुण शोधला. (त्यातले पियर म्हणजे मादाम क्युरींचे यजमान, बरं का!) १९६९ मध्ये जपानच्या कावाईंना तोच गुण एका प्लॅस्टिकमध्ये सापडला. म्हणजे खडाच हवा असं नाही, वाकणारा पातळ पापुद्राही चालतो. पुण्याच्या आयसर संस्थेत बूमिशंकर यांच्या गटाने असे लवचिक पापुद्रे बनवलेत.

आता आमच्या डोंगराकडे वळते. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई. २२ जुलै २०२१ ला तळिये. एकट्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून रात्री पाऊस वाढला की आमच्याकडे कुणाचा डोळा लागत नाही. मातीत मुरलेलं पाणी आणि उताराची हालचाल टिपणारे सेन्सर असतात. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने ते बसवलेत. पण त्यांनाही वीज लागतेच ना? आमच्याकडे नेमकी तेव्हाच लाईट जाते, आठ-आठ दिवस ऊन नसतं, आणि सेल बदलायला निसरड्या उतारावर कोण चढणार?

म्हणून पावसाकडूनच वीज घ्यायची! हाँगकाँगच्या संशोधकांनी २०२० मध्ये टेफ्लॉनच्या पापुद्र्यावर, हो, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो तोच, पाण्याचा एक थेंब पंधरा सेंटिमीटरवरून टाकला आणि शंभर इवले दिवे क्षणभर लागले.

बचत गटात हे सांगितलं तर एक आजी म्हणाल्या, “म्हंजे पाऊसच सांगनार, पला म्हनून?”

इतकं सोपं नाही. ही वीज अगदी चिमूटभर. पंखा काही फिरायचा नाही. साठवून साठवून सेन्सरने अधूनमधून एखादा निरोप धाडावा, एवढीच. शिवाय कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, चिखल, शेवाळ यांत तो पापुद्रा किती टिकेल, ते इथे लावल्यावरच कळेल. माझं म्हणणं एवढंच, प्रयोग नळाखाली पुरे, आता आमच्या उतारावर करा.

तोवर आम्ही पाळ्या लावल्यात. नवी भेग, कललेलं झाड दिसलं की लगेच सरपंचांना फोन. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का, ते बघायचं काम त्या आजींनी मागून घेतलंय. पहाटे त्या तिकडे जातातच.