न्यू साउथ वेल्सच्या पहिल्या शाळा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीकाठी ब्रिटिशांची वसाहत सुरू झाली. अकरा जहाजांतून कैदी, त्यांच्यावर पहारा ठेवणारे सैनिक, थोडे अधिकारी आणि या सगळ्यांची मुले उतरली. ऑस्ट्रेलियातल्या शालेय शिक्षणाची कहाणी इथूनच सांगितली जाते आणि बहुतेक वेळा ती फार सरळ करून सांगितली जाते : साम्राज्य आले, त्याने शाळा आणल्या, पुढे कायदा झाला आणि सगळी मुले शिकू लागली. प्रत्यक्षात सरकार जागे होण्याच्या कितीतरी आधी साध्या माणसांनी शाळा चालवल्या आणि सरकार जागे झाल्यावरही शाळेचे दार सगळ्यांना उघडले नाही. या कहाणीतले पाच गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : पहिले शिक्षक इंग्लंडहून रीतसर नेमून पाठवलेले होते.

वस्तुस्थिती : पहिल्या ताफ्यात शल्यवैद्य होते, न्यायाधिकारी होता, पाद्री होता, शाळामास्तर नव्हता. कैद्यांच्या वसाहतीला शाळा लागेल, हा विचारच लंडनमध्ये कोणी गांभीर्याने केला नव्हता. १७८९ मध्ये सिडनीत मुलांना घेऊन बसली ती इझाबेला रॉसन. चोरीच्या गुन्ह्यात तिला सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. वसाहतीची पहिली शिक्षिका म्हणून आज तिचेच नाव घेतले जाते. त्याच वर्षी तिने विल्यम रिचर्डसन या कैद्याशी लग्न केले. पुढे तोही शिकवू लागला. १७९१ मध्ये पॅरामॅटा इथेही एका बाईने शाळा सुरू केली.

नव्या वसाहतीत लिहिता-वाचता येणे हे दुर्मीळ कसब होते. ज्याच्याकडे ते होते त्याला कामाला लावले जाई, मग तो कैदी का असेना. ज्यांना इंग्लंडने नालायक ठरवून हद्दपार केले, त्यांच्याच हातून या वसाहतीच्या मुलांनी अक्षरे गिरवली. या शिक्षकांची नावे इतिहासात शेवटी, तळटिपेत टाकण्यासारखी नाहीत. ती सुरुवातीलाच यायला हवीत.

गैरसमज २ : शाळेच्या इमारती सरकारने बांधून दिल्या.

वस्तुस्थिती : पाद्री रिचर्ड जॉन्सन यांना वसाहतीत येऊन पाच वर्षे झाली तरी प्रार्थनेसाठी छप्पर मिळाले नव्हते. अखेर १७९३ मध्ये त्यांनी पदरचे पैसे घालून चर्च उभारले. भिंती कुडाच्या, वरून मातीने लिंपलेल्या आणि छप्पर गवताने शाकारलेले. घातलेले पैसे परत मिळायला त्यांना चार वर्षे वाट पाहावी लागली. रविवारी तिथे प्रार्थना होई. पुढे इतर दिवशी त्याच जागेत शाळा भरू लागली. दीडशे-दोनशे मुले एकाच छपराखाली शिकत होती. १ ऑक्टोबर १७९८ रोजी ही इमारत जळून खाक झाली. कोणीतरी मुद्दाम आग लावली असा संशय होता. गव्हर्नर हंटर यांनी माहिती देणाऱ्याला बक्षीस जाहीर केले, पण गुन्हेगार सापडला नाही. शाळा मात्र थांबली नाही, दुसऱ्या जागेत भरू लागली.

हॉक्सबरी नदीकाठच्या एबेनेझर गावी शेतकरी कुटुंबांनी स्वतः दगडी प्रार्थनामंदिर बांधले. १८०९ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू शाळा म्हणूनही वापरली गेली. ती आजही उभी आहे. सरकारने पुढे १८४८ मध्ये राष्ट्रीय शाळांचे मंडळ नेमले, तेव्हाही बांधकामाच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग गावकऱ्यांनी उभा करावा अशी अट होती. गावोगाव जाऊन लोकांना राजी करण्यासाठी जॉर्ज रस्डेन नावाचा प्रतिनिधी घोड्यावरून हजारो मैल हिंडला. या मंडळाची पहिली शाळा सिडनीत नव्हे, तर दूर उत्तरेला केम्प्सी इथे निघाली.

गैरसमज ३ : शिकवण्याची पद्धत पूर्णपणे इंग्लंडची होती.

वस्तुस्थिती : तिच्या मुळाशी हिंदुस्थान होता. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या सैनिकी अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. जवळच्या देशी शाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. ही रीत आपल्या शाळेत आणायचे त्यांनी ठरवले, पण त्यांच्या सहायक मास्तरांनी ती मनावर घेतली नाही. तेव्हा बेल यांनी फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला लहानग्यांना शिकवायला बसवले आणि प्रयोग जमला. पुढे आलेल्या मुलाने मागच्यांना शिकवायचे, मास्तरांनी सगळ्यांवर देखरेख ठेवायची : १७९७ मध्ये बेल यांनी लंडनला जाऊन ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर घोटणाऱ्या मुलांना आणि धाकट्यांचे पाढे म्हणवून घेणाऱ्या थोरल्यांना यात नवल वाटले नसते. हीच पद्धत रुजवण्यासाठी थॉमस रेडल हे पाद्री १८२० मध्ये सिडनीत आले. मास्तर कमी, मुले फार आणि पैसा तुटपुंजा अशा वसाहतीला ती सोयीची होती. तिच्या मर्यादाही उघड होत्या. पाठांतर होई, समज येईलच असे नव्हते. १८५१ मध्ये इंग्लंडहून आलेल्या विल्यम विल्किन्स यांनी सिडनीच्या फोर्ट स्ट्रीट आदर्श शाळेत वेगळी वाट धरली. किशोरवयीन उमेदवार-शिक्षकांनी काही वर्षे वर्गात शिकवत शिकवत, मुख्याध्यापकांकडून धडे घेत तयार व्हायचे. शिकवणे हे शिकावे लागते, ही गोष्ट तिथे पक्की झाली.

गैरसमज ४ : मूळ रहिवाशांच्या मुलांना शाळा झेपली नाही.

वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक गैरसमज आहे आणि त्याचे उत्तर वसाहतीच्याच कागदपत्रांत आहे. गव्हर्नर मॅक्वारी यांनी पॅरामॅटा इथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी संस्था काढली. विल्यम शेली हे मिशनरी तिथे शिकवत. डिसेंबर १८१४ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या मुलांत दारुग समाजातल्या यारामुंडी यांची मुलगी मारिया होती. १८१९ च्या वार्षिक परीक्षेला सुमारे शंभर गोरी मुले आणि संस्थेतली वीसेक मुले बसली. पहिले बक्षीस एका चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने पटकावले. वृत्तपत्राने तिचे नाव छापले नाही. ती मारियाच होती, असे इतिहासकार मानतात. पुढे १८३१ मध्ये मारियाने आपल्या दिवंगत भावाच्या जमिनीसाठी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि चिकाटीने पाठपुरावा करून १८४३ मध्ये ती जमीन मिळवली. शाळेत मिळालेली अक्षरे तिने आपल्या माणसांच्या हक्कासाठी वापरली.

मग ही संस्था का चालली नाही? कारण ती आईबापांपासून मूल तोडत होती. एकदा दाखल झालेले मूल ठरावीक वयापर्यंत परत नेण्याची मुभा नव्हती. १८१६ मध्ये मॅक्वारी यांनी मूळ रहिवाशांवर सैन्य पाठवले, तेव्हा पकडलेल्या लोकांमधून बारा मुलगे आणि सहा मुली या संस्थेसाठी निवडाव्यात असा हुकूमही दिला. अशा शाळेकडे आईबापांनी पाठ फिरवली, ती अज्ञानामुळे नाही. आपले मूल परत मिळणार नाही हे त्यांना दिसत होते.

गैरसमज ५ : १८८० च्या कायद्याने सर्वांना मोफत शिक्षण मिळाले.

वस्तुस्थिती : गरज तर फार आधीच आकड्यांत मांडली गेली होती. रॉबर्ट लो यांच्या समितीने १८४४ मध्ये दाखवून दिले, की वसाहतीतल्या चार ते चौदा वयाच्या २५ हजारांवर मुलांपैकी सुमारे १३ हजार मुले कोणत्याही शाळेत जात नाहीत. चर्चच्या पंथांमधले भांडण हे त्यामागचे मोठे कारण होते. हेन्री पार्क्स यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये कायदा झाला. त्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना दर सहामाहीत किमान ७० दिवस हजेरी सक्तीची केली आणि चर्चच्या शाळांचे सरकारी अनुदान १८८२ अखेर बंद केले.

शिक्षण सक्तीचे झाले, मोफत झाले नाही. दर मुलामागे आठवड्याला तीन पेन्स फी होती. प्राथमिक शिक्षणाची फी माफ झाली ती १९०६ मध्ये. शेजारच्या व्हिक्टोरियाने हे पाऊल १८७२ च्याच कायद्याने उचलले होते. विरळ वस्तीच्या भागात एकच शिक्षक दोन शाळा आळीपाळीने चालवी. त्यामुळे तिथल्या मुलांच्या वाट्याला अर्धीच शाळा येई.

‘सर्वांना’ हा शब्दही खरा नाही. १८८३ मध्ये यास या गावी गोऱ्या पालकांनी तक्रार केली आणि मूळ रहिवाशांच्या मुलांना सरकारी शाळेतून काढण्यात आले. १९०२ पासून गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की अशा मुलांना बाहेर काढायचे, हे राज्यभराचे धोरण झाले. मुख्याध्यापकांचा त्यांना प्रवेश नाकारण्याचा अधिकार रद्द व्हायला १९७२ साल उजाडले. म्हणजे मारियाने सगळ्यांना मागे टाकले, त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे.

या पाचही गैरसमजांमागे एकच सवय आहे : कायद्याची तारीख शोधायची आणि तिथून इतिहास सुरू करायचा. कायदा महत्त्वाचा असतोच. पण शाळा त्याच्या आधीही चालू असते आणि त्याच्या नंतरही अपुरी असू शकते. कुठल्याही देशातल्या शिक्षणाचा इतिहास वाचताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत : शिकवायला आधी कोण बसले आणि शेवटच्या मुलाला आत कधी घेतले? न्यू साउथ वेल्सपुरते पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक कैदी बाई आहे. तिच्याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी. दुसऱ्याचे उत्तर इतके उशिराचे आहे, की तिथल्या शाळांचे कौतुक करताना ते सोडून देणे हा अन्याय ठरेल.