देव्हाऱ्यातले टाक : झिजत जाणारा वारसा

वाटण्या झाल्या की जमीन वाटली जाते, भांडीकुंडी वाटली जातात; देव मात्र बहुतेक घरांत वाटत नाहीत. ते थोरल्याकडे राहतात. धाकटा भाऊ वेगळे बिऱ्हाड थाटतो तेव्हा सोनाराकडून नवे टाक घडवून घेतो, ते कुलदैवताच्या ठिकाणी नेऊन देवाला भेटवतो आणि मग आपल्या देव्हाऱ्यात बसवतो. नवरात्राला, चंपाषष्ठीला पुन्हा सगळे थोरल्या घरी जमतात, कारण मूळचे देव तिथे आहेत. शेतीवाडी विकली गेली, वाडे पडले, तरी कितीतरी घराणी या देवांपाशी एकत्र येत राहिली.

टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली देवाची छोटी प्रतिमा. तळहातावर तीन-चार सहज मावतील एवढी. चांदीचा पातळ पत्रा कोरीव ठशावर धरून ठोकतात, आकृती उठून आली की कडा कापतात आणि मागे बहुधा तांब्याचा पत्रा लावतात. खंडोबा घोड्यावर, हाती खड्ग, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. शेजारी महिषासुराला मारणारी भवानी. कुणाकडे जोतिबा, कुणाकडे भैरोबा, कुणाकडे जोगेश्वरी. देव्हाऱ्यात कोणते टाक आहेत यावरून त्या घराचे कुलदैवत कळते आणि अनेकदा घराणे मूळचे कोणत्या मुलखातले याचाही माग लागतो.

यात बऱ्याच घरी एक टाक वीराचा असतो. घराण्यातला लढाईत पडलेला किंवा अकाली गेलेला पुरुष देवांच्या पंगतीत बसवलेला असतो. नाशिकमध्ये धुळवडीला हे वीर घराबाहेर निघतात. वाजतगाजत त्यांना गोदावरीवर रामकुंडापाशी नेतात, स्नान घालतात आणि परत आणून देव्हाऱ्यात बसवतात. ज्याचे नावसुद्धा आज घरात कुणाला आठवत नाही, अशा पूर्वजाची आठवण वर्षातून एकदा भर रस्त्यात नाचते.

दिवाळीच्या आधी देव उजळायला काढतात. चिमूटभर रांगोळी, लिंबाची फोड, मऊ फडके आणि घरातल्या बाईचा अंगठा. पिढ्यान् पिढ्या हेच चालल्यामुळे जुने टाक गुळगुळीत होतात. आमच्या घरातल्या खंडोबाचा चेहरा केव्हाच पुसला गेला आहे. घोड्याचा उचललेला पाय आणि कुत्र्याची शेपटी तेवढी बोटाला लागते. बाजारात अशा टाकाला मोल नसेल. पण ही झीज हातांनी केलेली आहे, आणि त्या हातांची दुसरी कोणतीच खूण मागे उरलेली नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी सह्या केल्या नाहीत, त्यांचे फोटो नाहीत. त्यांनी काय केले याचा पुरावा म्हणजे हा पुसट देव.

परंपरेने ही झीज धरूनच व्यवस्था लावली आहे. टाक फार झिजला की तो नव्याने घडवतात. जुन्याची चांदी नव्यात घालायची की जुना टाक नदीत सोडायचा, हे घराच्या रीतीवर असते. पूजा मोडत नाही, हे महत्त्वाचे. म्हणून मला टाकापेक्षाही त्याच्याभोवतीचा कुलाचार मोठा वाटतो. नवरात्रात देव घटी बसले की ते विड्याच्या पानांवरून हलवायचे नाहीत. रोज एक माळ वाढवायची. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला खंडोबाचे षड्रात्र सुरू होते आणि षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, तळी भरतात. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून पुरुष विषम संख्येने भोवती बसतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ते ताम्हन उचलतात. चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी भरीत होऊन बाजरीच्या रोडग्यांबरोबर नैवेद्याच्या पानात येतात.

यातले काय आपल्या घरी होते आणि काय होत नाही, हे कोणत्याही पोथीत मिळत नाही. ते सासूने सुनेला सांगितलेले असते. कुणाकडे घट बसतो, कुणाकडे नुसती माळ चढते. कुणाकडे पुरणाचा नैवेद्य, कुणाकडे मटणाचा. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाच्या उपासनेचा शोध घेतला, जर्मनीहून आलेले अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर धनगरांमध्ये, वाघ्या-मुरळींमध्ये वावरले. म्हणून या लोकदैवतांविषयी आज आपल्याला इतके ठाऊक आहे. पण एकेका घराचा कुलाचार टिपायला कुणी अभ्यासक येणार नाही. ते काम त्या घरानेच करायचे आहे.

आता मुले नोकरीसाठी बंगळूरला, अमेरिकेला जातात. टाक सामानात सहज नेता येतात, रीत मात्र माहीत असावी लागते. म्हणून यंदा देव उजळायला काढाल, तेव्हा एक वही जवळ ठेवा. प्रत्येक टाकाचा फोटो काढा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारा : हा देव कोणता, मूळ ठाणे कुठले, त्याला कोणत्या दिवशी काय लागते, वीर कोण होता? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवा. जुना टाक मोडीत टाकायचा असेल तर आधी हे लिहून होऊ द्या. चांदी पुन्हा मिळते, टाक पुन्हा घडवता येतो. आजीला ठाऊक असलेली रीत तिच्याबरोबर गेली, तर ती परत मिळवायला ठिकाण उरत नाही.