घर विकणे आहे: जाहिरातीचा मजकूर कसा लिहावा?

बुलढाणा, खामगाव किंवा चिखलीत घर विकायला काढले की पहिला मजकूर बहुतेकदा असा असतो: ‘मोक्याच्या ठिकाणी, सर्व सोयींनी युक्त, प्रशस्त घर त्वरित विकणे आहे. किंमत प्रत्यक्ष भेटीत.’ यातून घर केवढे आहे, पाणी कसे आहे, कागद कोणाच्या नावावर आहेत, काहीच कळत नाही. मग वाचणारा तेवढे विचारायलाच फोन करतो आणि आपण तीच उत्तरे प्रत्येकाला देत बसतो. ज्याला खरोखर घर घ्यायचे असते, तो पुष्कळदा फोनही करत नाही.

चांगल्या मजकुराची कसोटी साधी आहे. तो हातात धरून एखादा माणूस आपल्या दारात उभा राहिला, तर एकेक ओळ घराशी जुळली पाहिजे. असा मजकूर लिहायला भाषेवर प्रभुत्व लागत नाही. खालील क्रमाने गेलो तर एका दुपारी तो तयार होतो.

१. आधी कागद, मग लेखणी

मजकूर लिहिण्याआधी घराचे कागद एकत्र काढावेत. शहरातील घराला सहसा मालमत्ता पत्रक असते, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. त्यावर क्षेत्रफळ, धारकाचे नाव आणि जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे, हे लिहिलेले असते. शेतजमिनीवर पडलेल्या ले-आउटमधील प्लॉट असेल, तर सातबारा आणि अकृषिक परवानगीचा आदेश, म्हणजे एन.ए. ऑर्डर, बघावी.

गावातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. इथे एक घोटाळा नेहमी होतो. तलाठ्याकडचा ‘८-अ’ हा शेतजमिनीचा खातेउतारा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरांच्या कर आकारणीची नोंद आहे. दोन्ही कागद वेगळे. शिवाय कर आकारणीची नोंद एकटी मालकी सिद्ध करत नाही, म्हणून सोबत खरेदीखत किंवा वाटणीपत्र असावे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांना मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. आपल्या गावाचे काम झाले असेल तर ते पत्रक मिळवून ठेवावे.

२. नाव कोणाचे आहे, ते तपासावे

घर आपण वापरतो, कर आपण भरतो, पण उताऱ्यावर नाव वडिलांचे किंवा आजोबांचे असते. अशा घराची जाहिरात ‘क्लिअर टायटल’ म्हणून देऊ नये. टायटल म्हणजे मालकी हक्क; तो क्लिअर म्हणजे वाद, बोजा किंवा दुसऱ्या हिस्सेदाराचा दावा नसलेला. आधी वारसांची नोंद करून घ्यावी. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. म्हणून बहिणींशी बोलणे जाहिरातीच्या आधी झाले पाहिजे; ग्राहक इसार घेऊन आल्यावर नव्हे.

विदर्भातल्या शहरांत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे नझूल. नझूल म्हणजे वस्तीतली सरकारी मालकीची जमीन, जी भाडेपट्ट्याने दिलेली असते. आपले घर अशा जमिनीवर असेल तर मजकुरात ‘नझूल भाडेपट्टा’ असे स्पष्ट लिहावे आणि पट्टा कधीपर्यंत आहे, त्याचे नूतनीकरण झाले आहे का, हेही सांगावे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. ‘वर्ग १’ असेल तर ती या कारणासाठी लागत नाही, आणि हे दोन शब्द मजकुरात लिहिले की जाणकार ग्राहकाचा निम्मा प्रश्न सुटतो.

घरावर कर्ज असेल तर तेही एका वाक्यात लिहावे: ‘बँकेचे गृहकर्ज आहे, व्यवहाराच्या वेळी फेडून बोजा उतरवून देऊ.’ यात लपवण्यासारखे काही नाही. लपवले, तर शोध अहवालात, म्हणजे वकिलाने जुने व्यवहार तपासून दिलेल्या अहवालात, ते निघतेच.

३. मोजमाप टेप लावून लिहावे

क्षेत्रफळाचे आकडे अंदाजाने लिहू नयेत. प्लॉटची लांबी-रुंदी फुटांत आणि एकूण क्षेत्र चौरस फुटांत द्यावे. उताऱ्यावर चौरस मीटर असतील तर तेही द्यावेत. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ३० × ५० फुटांचा प्लॉट १,५०० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १३९.३५ चौरस मीटरचा. गुंठ्याचा हिशेब ठेवायचा असेल तर एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो. सातबाऱ्यावरचा ‘आर’ मात्र १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. दोन्हींत फरक थोडा असला तरी भांडणाला पुरतो.

बांधकामाचे क्षेत्र वेगळे लिहावे. चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, हे आत प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र. २०१६ च्या रेरा कायद्यातील व्याख्येनुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. नुसते ‘१,२०० फूट घर’ लिहिले की ते प्लॉटचे, स्लॅबचे की चटई क्षेत्र, हे कळत नाही आणि भेटीच्या वेळी ग्राहकाचा विश्वास उडतो.

४. पाण्याची ओळ वर घ्यावी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घर बघायला येणारा माणूस स्वयंपाकघराच्या फरशीआधी पाण्याचे विचारतो. म्हणून ही ओळ मजकुराच्या वरच्या भागात असावी. चार गोष्टी लिहाव्यात: नळाला किती दिवसांआड पाणी येते, घराची टाकी किती लिटरची आहे, विहीर किंवा बोअर आहे का, आणि उन्हाळ्यात ते टिकते का.

घाटाखालच्या तालुक्यांत पाचवी गोष्टही हवी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, म्हणजे जिथे जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त आहे असा पट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांतील अनेक गावे त्यात येतात. तिथे ‘बोअर आहे’ हे अर्धेच सत्य ठरते. पाणी गोड की खारे, पिण्यास योग्य की फक्त वापरण्याच्या कामाचे, हे लिहावे. पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली असेल तर तो अहवाल जवळ ठेवावा आणि तसे नमूद करावे.

५. बांधकामाचे खरे रूप

बांधकामाचे वर्ष, मजले आणि पद्धत लिहावी. कॉलम-बीमवर उभे असलेले घर म्हणजे आरसीसी; भिंतींवर स्लॅबचे वजन पेलणारे घर म्हणजे लोडबेअरिंग. वर आणखी एक मजला चढवायचा विचार करणाऱ्याला हा फरक फार महत्त्वाचा असतो. कौलारू, टिनपत्र्याचे किंवा मातीच्या धाब्याचे जुने घर असेल तर तसेच लिहावे. अशा घराचा ग्राहक बऱ्याचदा जागेसाठी येतो. त्याला रस्त्याकडची रुंदी किती आणि रस्ता किती फुटी, हे आधी हवे असते.

काळ्या मातीवरच्या घरांबद्दल विशेष काळजी घ्यावी. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर खिडकी-दाराच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा जातात. पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला असल्यास आणि त्याची आपल्याला खात्री असल्यास ते जरूर लिहावे. घाटाखाली ही फार मोठी जमेची बाजू आहे.

६. दोष लपवू नये

बहुतेकांची लेखणी इथे अडते. स्लॅब गळतो, एका भिंतीला भेग आहे, शेजाऱ्याशी बांधाचा वाद आहे: हे लिहिले तर कोण येईल, असे वाटते. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर स्पष्ट जबाबदारी टाकते. जो महत्त्वाचा दोष आपल्याला ठाऊक आहे आणि ग्राहकाला नेहमीच्या काळजीने सापडणार नाही, तो सांगितलाच पाहिजे. दोष घराचा असो वा मालकीचा, दोन्हींना हे लागू आहे. विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी व स्थानिक कर भरण्याची जबाबदारीही सर्वसाधारणपणे विक्रेत्याचीच असते.

कायद्यापलीकडे यात व्यवहारही आहे. रंगाखाली दडवलेली ओल ग्राहकाच्या मिस्त्रीला दिसली, की तो उरलेल्या घरावरही संशय घेतो आणि भाव पाडून मागतो. तीच ओल आपण आधी लिहिली आणि किंमत त्या हिशेबाने धरली, तर घासाघीस तिथेच संपते.

७. ठिकाण: अंतर मोजून, साधन सांगून

‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे पायी की मोटारसायकलवर? त्याऐवजी किलोमीटर लिहावेत. शेगावात मंदिर आणि रेल्वे स्टेशन, खामगावात बाजार समिती, मलकापुरात स्टेशन आणि राष्ट्रीय महामार्ग, बुलढाण्यात जिल्हा रुग्णालय आणि सरकारी कार्यालये: आपल्या ग्राहकाला जिथे रोज जायचे आहे, तिथले अंतर द्यावे. खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात येणारे कुटुंब शाळेचे अंतर बघेल. निवृत्त जोडपे दवाखान्याचे.

मेहकर आणि सिंदखेडराजा परिसरात ‘समृद्धी महामार्गालगत’ असे लिहिण्याची लाट आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, पण या महामार्गावर कुठूनही चढता येत नाही. फक्त ठरावीक इंटरचेंजवरून, म्हणजे प्रवेश-निर्गमाच्या जागेवरूनच जाता येते. म्हणून महामार्ग दिसतो किती जवळून, ते महत्त्वाचे नाही. इंटरचेंजपर्यंतचे अंतर लिहावे.

होऊ घातलेल्या गोष्टी विकू नयेत. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी कित्येक दशकांची आहे. अशा मार्गाच्या भरवशावर घराचा भाव सांगणे ग्राहकावर अन्याय आहे. आज जे आहे तेवढेच लिहावे.

८. किंमत आणि फोटो

किंमत लिहावी. आकडा दिला की ज्यांच्या आवाक्यात घर आहे तेच फोन करतात. सरकारचा वार्षिक मूल्य दर तक्ता, ज्याला रेडी रेकनर म्हणतात, तो मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी आहे. बाजारभाव त्याहून कमी-जास्त असू शकतो. आपल्याच गल्लीत अलीकडे झालेल्या व्यवहारांची चौकशी करून आकडा ठरवावा.

फोटो सकाळच्या उजेडात, सामान आवरून काढावेत. समोरून घर, रस्ता, प्रत्येक खोली, न्हाणी-शौचालय, गच्ची आणि पाण्याची टाकी एवढे पुरतात. कागदपत्रांचे फोटो मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नयेत. ते प्रत्यक्ष भेटीत, खऱ्या ग्राहकालाच दाखवावेत.

९. आता मजकूर जुळवावा

वरच्या सगळ्या उत्तरांतून चिखलीच्या एका काल्पनिक घराचा मजकूर असा होईल:

‘चिखली येथे स्वतंत्र घर विकणे आहे. प्लॉट ३० × ५० फूट (१,५०० चौ. फूट), पूर्वमुखी, समोर २० फुटी डांबरी रस्ता. एन.ए. ले-आउट, वर्ग १, कागद स्वतःच्या नावावर, कर्ज नाही. बांधकाम २००९, आरसीसी, एक मजला, चटई क्षेत्र ७८० चौ. फूट: बैठक, दोन खोल्या, स्वयंपाकघर. बोअरचे पाणी गोड, मे महिन्यात कमी होते; नळ चार दिवसांआड, टाकी २,००० लिटर. मागच्या खोलीच्या स्लॅबला पावसाळ्यात ओल येते. किंमत ते धरून सांगितली आहे. बसस्थानक दीड किलोमीटर, शाळा अर्धा किलोमीटर. अपेक्षित किंमत ३४ लाख. मालकाशी थेट संपर्क, सायंकाळी ६ नंतर.’

यात ‘प्रशस्त’, ‘मोक्याचे’, ‘सुवर्णसंधी’ असा एकही शब्द नाही आणि त्यांची उणीवही भासत नाही. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीत शब्दांचे पैसे पडतात. तिथे ठिकाण, प्लॉटचे माप, पाणी, वर्ग, किंमत आणि फोन एवढ्याच सहा गोष्टी ठेवाव्यात. बाकीचे फोन करणाऱ्याला पाठवता येते. आपले राहते जुने घर विकायला महारेराची नोंदणी लागत नाही. मात्र व्यवहार एजंटकडे सोपवताना नोंदणीकृत एजंट निवडणे चांगले.

१०. पाठवण्याआधी

मजकूर घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना वाचून दाखवावा आणि प्रत्येक आकडा उताऱ्याशी पुन्हा ताडावा. नंतर त्याची एक प्रत जपून ठेवावी. इसारपावती करताना, म्हणजे सौदा ठरून आगाऊ रक्कम घेताना, तीच प्रत समोर घ्यावी. माप, हद्दी, पाणी, दोष, बोजा: जाहिरातीत जे लिहिले तेच पावतीत आणि पुढे खरेदीखतात आले पाहिजे. हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळले, तर व्यवहारानंतर कोर्टाची पायरी चढण्याचे कारण सहसा उरत नाही. म्हणून जाहिरातीची पहिली ओळ लिहितानाच ती खरेदीखतात जशीच्या तशी टिकेल का, हे स्वतःला विचारावे.