पातळ हात इथे चालत नाही

बुलेटचं टॅपेट कव्हर असो की मळ्यातल्या जुन्या किर्लोस्कर डिझेल इंजिनाचं झाकण, शिरूर-दौंडकडे घरच्या घरी रंगवायला घेणाऱ्या माणसाने ‘पातळ हात द्या, ओघळ येत नाहीत’ हा सल्ला ऐकलेला असतोच. साध्या स्प्रेला तो लागू आहे. सुरकुत्या पडणाऱ्या काळ्या किंवा लाल रंगाला मात्र तो मारक ठरतो. या रंगाचा वरचा थर आधी धरतो, खालचा ओलाच राहतो आणि दुधावरच्या सायीसारख्या चुण्या पडतात. थर पातळ दिला तर आत ओलं काही उरतच नाही. म्हणून भाग आडवा ठेवून पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा तिरका असे भरदार हात द्यावेत. मधला वेळ थोडाच, डब्यावर लिहिलेला असेल तेवढा. तो चुकला की नक्षी धड येत नाही.

ऊब हवीच. थंडीत सकाळी रंगवलं तर जागोजागी गुळगुळीत डाग राहतात. दुपारचं ऊन किंवा हेअर ड्रायर नक्षी उठवतो. पण ऊन भागाला द्यायचं, डब्याला नाही. तो ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो आणि आतला वायू पेट घेतो. गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ फवारणं तर जिवावरचं.

‘नक्षीखाली गंज झाकला जातो’ हेही खरं नाही. ओतकामाचे बारीक खड्डे झाकले जातात, गंज आत वाढतच राहतो. तो वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढावा. ऑईल काढायला पेट्रोल नको. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, शेवटी थिनरचं फडकं फिरवावं. ॲल्युमिनियमला त्याचा वेगळा प्रायमर लागतो. पॅकिंग बसते ती कड आणि आटे टेपने झाकावेत.

इंजिनाचा म्हणून हा रंग सायलेन्सरला चालेल असं समजू नये. तिथे जास्त उष्णता सोसणारा वेगळाच रंग लागतो. हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरच्या पात्यांवरही हा जाड थर नको, उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो.

तोंडाला रुमाल बांधल्याने थिनरची वाफ अडत नाही. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन फवारावं. बोटाला रंग लागला नाही म्हणजे तो पक्का झाला असंही नाही. आत तो बराच काळ मऊ असतो, तेवढ्यात डिझेल सांडलं तर सालीसारखा निघतो.