रिकामे डबे आणि गच्चीवरची भाजी

व्यापाऱ्याच्या घरी रिकाम्या डब्यांस कधी तोटा नसतो. तेलाचे १५ किलोचे चौकोनी डबे, तुपाचे, रंगाचे, बिस्किटांचे, आणि त्यांच्या जोडीला जुने बारदान, ही सर्व मंडळी जिन्याखाली वर्षानुवर्षे वस्तीस असतात. भंगारवाला देईल ती किंमत आम्हांस नेहमी कमी वाटते, आणि फेकून द्यावयास हात धजत नाही. बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या घाऊक व्यापारात आमचे आयुष्य गेले. पोत्यापोत्यांनी धने विकले. परंतु धन्याचा कोंब कसा दिसतो हे वयाची साठी उलटेपर्यंत आम्ही पाहिले नव्हते, हे येथे कबूल करणे भाग आहे. तो आम्हांस सूनबाईंनी दाखविला.

तेलाचा डबा सुमारे नऊ इंच चौरस आणि तेरा-चौदा इंच उंच असतो. तो आडवा ठेवून वरची बाजू कापली की कोथिंबीर, मेथी व पालक यांजपुरती चांगली पन्हळ तयार होते; उभा ठेवला तर मिरची, टोमॅटो वा भेंडीचे एक झाड त्यात सुखाने वाढते. आपल्या मंडळींस कंदमुळे वर्ज्य असल्याने डब्याची खोली कमी पडली अशी तक्रार करण्याचा प्रसंग येत नाही! प्रथम डबा गरम पाणी व सोडा यांनी धुऊन तेलकटपणा काढावा, कापलेली कड आत दुमडून ठोकावी (आमच्या अंगठ्यावर याची खूण आहे), आणि बुडाशी जाड खिळ्याने पाचसहा भोके पाडावीत. भोके नसली की पाणी साचून मुळे कुजतात. डबा दोन विटांवर ठेवावा, म्हणजे पाणी निथळते व बूडही लवकर गंजत नाही. चैत्र-वैशाखात पत्रा इतका तापतो की मुळे भाजून निघतात. त्यासाठी डब्याभोवती ओले बारदान गुंडाळावे.

नुसती माती भरली तर ती विटेसारखी घट्ट होते. निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळा, हे प्रमाण आम्हांस मानवले. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या अध्यापकांनी 'प्रयोग परिवार' उभा करून घरच्या काडीकचऱ्यातून पीक काढण्याचे शास्त्र सामान्य माणसापर्यंत नेले. त्यांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक सूनबाईंच्या उशाशी असते. आम्ही मात्र त्यांना विचारूनच काम भागवितो. धने आख्खे पेरू नयेत, लाटण्याने रगडून त्यांचे दोन भाग करावेत. कोंब दिसावयास आठ-दहा दिवस लागतात. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याच्या आत कापणीस होते.

वजनाचा विचार मात्र व्यापाऱ्याने तरी विसरू नये. भिजलेला एक डबा २० किलोंच्या घरात जातो. वीस डबे म्हणजे चार क्विंटल माल गच्चीवर चढला. वखारीत थप्पी कोठे लावावी हे ज्यास कळते, त्याने डबेही भिंतीच्या व तुळईच्या अंगानेच मांडावेत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. मागील हिवाळ्यात आमच्या गच्चीवर एक डबा इतरांहून देखणा होता. पत्रा जाड, गंजाचा ठिपका नाही. वखारीच्या कोपऱ्यात तो रिकामा पडलेला पाहून आम्हीच घरी आणला, धुतला, वरून तांबडा रंग दिला आणि नातवाकडून त्यात मेथी पेरून घेतली. मेथीही अशी आली की पाहणाऱ्याने पाहत राहावे. एके सकाळी सूनबाईंनी जुडी कापून खाली नेली, आणि त्याच वेळी आमचा जुना हमाल बारदान ठेवावयास वर आला. डब्याच्या झाकणाकडे पाहून तो म्हणाला, "सावकार, ह्यो डबा औषधाचा न्हवं?"

आम्ही जागच्या जागी थिजलो. सोंडकिड्यांसाठी वखारीच्या भिंतींवर जे मॅलॅथिऑन फवारतात, त्याचा तो डबा होता. चिठ्ठी आम्हीच सोलून काढली होती, तिजवरची खूण रंगाखाली आम्हीच झाकली होती. धावत खाली गेलो तो मेथी चिरून झाली होती व तवा चुलीवर होता. "सूनबाई, ती भाजी टाका," एवढेच शब्द तोंडून निघाले. त्यांनी कारण विचारले नाही. नातू मात्र रडला. "आजोबा, माझी मेथी चांगली होती," असे तो दोन दिवस म्हणत राहिला, आणि त्यास काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचेना. पोत्यातील माल हातात घेऊन तो कोठला हे सांगणारा माणूस स्वतःच्या घरच्या डब्याचे मूळ विसरला होता.

आपल्यापैकी अनेकांच्या वखारीत असे डबे आहेत, म्हणून हे लिहिले. चिठ्ठीवरील कोनावर उभ्या चौकोनात तांबडा, पिवळा, निळा वा हिरवा यांपैकी कोणताही रंग असो, चारही विषाच्याच पायऱ्या होत. हिरवा म्हणजे निर्धोक असे कोणी समजू नये. डबा कितीही धुतला तरी सांध्यात अंश राहतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही असे रिकामे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे सांगितले आहे. आम्ही तो डबा भोके पाडून, चेपून, मातीसकट पुरला, विहिरीपासून पुष्कळ दूर. रंगाच्या जुन्या डब्यांसही तेव्हापासून आम्ही भाजीसाठी हात लावीत नाही.

झाडांवरील माव्याचा प्रश्न राहतोच. फवारणी आता घरात निघणे शक्य नाही. मावा पडलेली फांदी कापून आम्ही परसाच्या कडेला ठेवतो, आणि झाड गेले तर गेले. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी वर्ज्य असते. येथील पाऊसही असा की डब्यांत काही टिकू नये; त्यामुळे त्या चार महिन्यांत डबे पालथे असतात.

हिशेब विचाराल तर पहिल्या वर्षी खत व माती यांचा खर्च भाजीच्या किमतीहून अधिक झाला. दुसऱ्या वर्षी तोंडमिळवणी झाली. सध्या गच्चीवर चौदा डबे आहेत, आणि प्रत्येकावर पूर्वी काय होते ते नातवाने पांढऱ्या रंगात लिहिले आहे. ज्या सभासद बंधूंस डबे हवे असतील त्यांनी दुकानी यावे. शेजारच्या तेलाच्या पेढीवरील रिकामे डबे आम्ही मिळवून देऊ. खिळा आणि हातोडा मात्र त्यांनी आपला आणावा.