मुखवट्याचा दाब

चष्मा वापरणाऱ्या बहुतेकांच्या नाकावर दोन खळगे असतात. निरुपद्रवी म्हणून त्यांकडे कोणी लक्ष देत नाहीं. रुग्णालयांतील बायपॅप नामक श्वाससाहाय्यक यंत्राचा मुखवटा मात्र याच जागेवर कधीं कधीं रात्रंदिवस टेकलेला असतो. तेथें कातडीखालीं मेद जवळजवळ नाहींच, लगेच हाड. दोहोंमध्यें सांपडलेल्या केशवाहिन्या मिटतात, रक्त पोंचत नाहीं व कातडी मरूं लागते. श्वासाच्या ओलीची भर निराळीच. लँडिस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३० सालीं नखाजवळील केशवाहिन्यांच्या आरंभीं रक्ताचा दाब मोजला, तो सुमारें ३२ मिलिमीटर भरला. दंडावर मोजतात त्या वरच्या आंकड्याच्या चतुर्थांशाहून किंचित् अधिक!

२०२३ सालीं आमचे वडील बंधु फुप्फुसांच्या जुनाट विकारानें रुग्णालयांत होते. मुखवट्याच्या कडेनें वारा फुसफुसतांना ऐकून मीच, कोणास न विचारतां, पट्टा चांगला आवळला. दुसऱ्या दिवशीं नाकावर लाल चट्टा उमटला. बोटानें दाबूनहि तो पांढरा पडेना. हीच इजेची पहिली पायरी. (सांवळ्या कांतीवर लाली दिसेलच असें नाहीं, तेथें कातडी शेजारच्या भागाहून ऊन, कठीण वा दुखरी लागते काय, तें पाहावें.) परिचारिकाबाई रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "आजोबा, थोडी गळती यंत्र भरून काढतें, कातडी भरून यायला मात्र आठवडे लागतात."

त्यांनीं पट्टा सैल केला. खालीं दोन बोटें सहज जावींत, हें त्यांचें माप. चेहरा मोजून योग्य आकाराचा मुखवटा आणविला व नाकावर मऊ पट्टी चिकटविली. खरें पाहतां ही पट्टी इजेपूर्वींच लावावयाची. डॉक्टरांच्या अनुमतीनें जेवणाच्या वेळीं मुखवटा कांहीं मिनिटें काढून त्या कातडी तपासूं लागल्या, आणि रात्रीं नाकास न टेकणारा, सबंध चेहरा झांकणारा दुसरा मुखवटा लावूं लागल्या. वहिनींनीं खोबरेलाची वाटी पुढें केली, तीहि परतली. दबलेली कातडी चोळल्यानें अधिक दुखावते, तेलानें पट्टी सुटते, आणि प्राणवायूच्या सान्निध्यांत तेल आगीस निमंत्रण देतें. मुखवटा आवळणें वा सैल करणें, दोन्ही आप्तांचीं कामें नव्हेत, हेंहि मला तेथेंच समजलें.

दादा घरीं आले तेव्हां चट्टा मावळला होता. तरी अजून चष्मा नाकावर ठेवण्यापूर्वीं ते एकदां मजकडे पाहतात, आणि मी मुकाट्यानें वर्तमानपत्र पुढें सरकवितों.